दरडीवरचे तिरके पान

ज्येष्ठाच्या अखेरीस पश्चिमेकडून ढग येऊ लागले, की महाबळेश्वरचे रूप पालटू लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीचे हे पठार सह्याद्रीच्या अगदी कडेवर उभे आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि येथेच रिते होतात. वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो. पुण्याच्या पावसाच्या हा सात-आठ पट झाला. त्यातील बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उन्हाळ्यात रखरखीत दिसणारी जांभ्या दगडाची भिंत आता हिरव्या शेवाळाने मढते. काळ्या कातळाच्या भेगाभेगांतून पाणी झिरपू लागते. जांभूळ, पिसा आणि अंजनी यांच्या दाट रानात दिवसाही अंधारल्यासारखे वाटते.

श्रावणातील अशाच एका सकाळी एका शाळेची मुले आपल्या गुरुजींबरोबर घाटातील एका पाऊलवाटेने चालली होती. वाटेच्या एका अंगाला दरी होती व दुसऱ्या अंगाला उभी दरड. पाऊस नुकताच उघडला होता. पण दरडीवरून पाण्याचे थेंब टपटपतच होते. चालता चालता पुढचा मुलगा थबकला. त्याच्या खांद्याच्या उंचीवर, शेवाळाच्या गादीत, वीतभर उंचीची काही इवलीशी झाडे उभी होती. त्यांची खोडे रसरशीत व तांबूस होती, आणि टोकांना फिकट गुलाबी फुलांचे लहान लहान झुबके डोलत होते.

“गुरुजी, तेरडा!” तो मुलगा म्हणाला.

“तेरडा कसला? माझ्या आत्याच्या घरी कुंडीत असले झाड आहे. ते बेगोनिया आहे,” मागून एक मुलगी म्हणाली.

दोघांत वाद सुरू झाला. वाद मिटवण्याचा सोपा उपाय म्हणून त्या मुलाने झाड मुळासकट उपटण्यासाठी हात पुढे केला. गुरुजींनी तो हात हलकेच धरला व ते म्हणाले, “थांब. या झाडाला आपण काहीच विचारलेले नाही आणि तू एकदम त्याचे घरच मोडायला निघालास. आधी त्याची विचारपूस करू या.”

वनस्पतीची विचारपूस म्हणजे काय? माणूस नवखा भेटला, तर आपण त्याला त्याचे गाव, नाव, आडनाव, घरची माणसे यांविषयी विचारतो. वनस्पती बोलत नाही. पण तिला नीट पाहणाऱ्याला या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्या दिवशी त्या मुलांनी ती कशी मिळवली, ते आपण क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न गावाचा. झाड कोठे उगवले आहे? मुलांनी आजूबाजूला पाहिले. वाटेच्या सपाट मातीवर ते झाड एकही नव्हते. दरीच्या बाजूला, जेथे ऊन येत होते, तेथेही नव्हते. ते होते फक्त उभ्या दरडीवर, सावलीत आणि झिरपत्या पाण्याच्या ओलीत. मातीचा थर तेथे बोटभरही नव्हता. मोठी झाडे आणि उंच गवत अशा जागी टिकू शकत नाहीत. म्हणूनच, ज्याला थोड्या मातीत भागवता येते अशा लहान झाडाला तेथे निवांत जागा मिळते. वनस्पतीचे वर्णन लिहिताना शास्त्रज्ञ तिची जागाही लिहितात, त्याचे कारण हेच. जागेवरून तिचे राहणे समजते.

दुसरा प्रश्न पानाचा. “पान तोडू नका, झाडावरच ठेवून पाहा,” असे गुरुजींनी बजावले. पान रुंद, काहीसे अंड्याच्या आकाराचे, टोकाला निमुळते आणि देठाशी हृदयासारखी खाच असलेले होते. त्याच्या कडेला दाते होते. पण ते करवतीसारखे टोकदार नसून बोथट व गोलसर होते. मग एका मुलीच्या ध्यानात एक गंमत आली. पिंपळाचे पान मधल्या शिरेवर दुमडले, तर त्याचे दोन्ही अर्धे एकमेकांवर नेमके बसतात. हे पान मात्र तसे बसले नसते. त्याच्या मधल्या शिरेची एक बाजू मोठी व फुगीर, तर दुसरी लहान व आखूड होती. कोणी शिंप्याने घाईत कापड बेतावे आणि एक बाजू जास्त सुटावी, तसे ते पान तिरके दिसत होते. दुसरे पान पाहिले, तेही तिरके. तिसरेही तिरके. एखादे पान किडीने कुरतडून वाकडे झालेले असू शकते. पण सगळीच पाने एकाच रीतीने वाकडी असतील, तर तो त्या झाडाचा स्वभावच समजला पाहिजे.

“म्हणजे हे बेगोनियाच!” ती मुलगी आनंदाने म्हणाली, कारण बेगोनियाची पाने बहुधा तिरकी असतात, हे तिने आत्याच्या घरी पाहिले होते.

गुरुजी म्हणाले, “तुझे उत्तर बरोबर असेलही, पण पुरावा अजून अपुरा आहे.” त्यांनी सांगितले की सह्याद्रीच्या ओल्या व सावलीच्या दरडींवर ऱ्हिंकोग्लॉसम नावाची आणखी एक वनस्पती उगवते. तिचीही पाने अशीच तिरकी असतात. पण तिची फुले निळी असून दांडीच्या एकाच अंगाला ओळीने लागतात. केवळ तिरक्या पानावर जो विसंबेल, तो तिला पाहून फसेल. एका खुणेवरून चोर पकडू नये, असे म्हणतात. तसेच एका खुणेवरून वनस्पतीचे नावही ठरवू नये. पाच-सहा खुणा एकमेकींशी जुळल्या, की मगच नाव उच्चारावे.

तिसरा प्रश्न फुलाचा. तेरड्याचे म्हणणे खरे की खोटे, हे येथे ठरणार होते. तेरडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तर तुम्ही ऐकलीच असेल. तेरड्याच्या फुलाला मागच्या बाजूस शेपटीसारखी एक बारीक पोकळ नळी असते व तिच्यात मध साठतो. त्याचे पिकलेले फळ बोट लागताच फटकन फुटते. गंमत अशी, की दरडींवर उगवणारी, गुलाबी फुलांची एक तेरड्याची जातही महाबळेश्वरात आहे. त्यामुळे त्या मुलाची चूक अगदीच वेडगळ नव्हती. मुलांनी समोरच्या फुलामागे ती नळी शोधली. एकाही फुलाला ती नव्हती. तेव्हा तेरडा बाद झाला.

परंतु फुले पाहता पाहता नवीनच कोडे उभे राहिले. एकाच झाडावर दोन प्रकारची फुले होती! काही फुलांत चार पाकळ्या होत्या. त्यांतील समोरासमोरच्या दोन मोठ्या व गोलसर, आणि उरलेल्या दोन लहान व अरुंद. त्यांच्या मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ होता. या फुलांच्या मागे साधा देठ होता. दुसऱ्या प्रकारच्या फुलांच्या मागे मात्र तीन पंख असलेली एक हिरवट-गुलाबी पेटी होती, आणि मध्यभागी पुंकेसरांऐवजी पिवळ्या, पिळदार कुक्षी होत्या.

पहिली फुले नर आणि दुसरी मादी होत. जास्वंदीच्या फुलात पुंकेसर आणि अंडाशय एकाच फुलात असतात. भोपळ्याच्या वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात, हे तुमच्यापैकी ज्यांच्या परसात भोपळा आहे त्यांना ठाऊक असेलच. बेगोनियातही तसेच असते. मादी फुलामागची ती पंखांची पेटी म्हणजे अंडाशय होय. तोच पुढे फळ होतो.

येथे निसर्गाची एक चतुराई पाहण्यासारखी आहे. बेगोनियाच्या नर फुलावर लहान माश्या परागकण खाण्यासाठी व गोळा करण्यासाठी येतात. मादी फुलाजवळ त्यांना देण्यासारखे काही नसते. मग त्या तिच्याकडे का जाव्यात? तिच्या पिवळ्या, पिळदार कुक्षी दुरून पुंकेसरांच्या गुच्छासारख्याच दिसतात. माशी फसते, मादी फुलावर उतरते, काही मिळत नाही हे पाहून उडून जाते. तेवढ्यात तिच्या अंगाला चिकटून आलेले पराग कुक्षीवर लागतात. कित्येक बेगोनियांत शास्त्रज्ञांनी ही फसवणूक निरखून पाहिली आहे.

चौथा प्रश्न फळाचा. झुबक्याच्या खालच्या बाजूस काही फुले गळून गेली होती आणि तीन पंखांची फळे धरली होती. एक जुने फळ वाळून तपकिरी झाले होते. गुरुजींनी त्याच्याखाली पांढरा कागद धरला व दांडीला हलकेच टिचकी मारली. कागदावर तपकिरी धूळ पडली. भिंगातून पाहिल्यावर मुलांना कळले, की ती धूळ नसून बिया आहेत. एका लहानशा फळात अशा असंख्य बिया असतात. फळाला पंख असले, तरी ते पाखरासारखे उडत नाही. ते दांडीवरच राहते, वाऱ्याने हलते, आणि मिरपुडीच्या डबीतून पूड पडावी तशा त्यातून बिया थोड्याथोड्या सांडतात. गुरुजींनी कागदावरच्या बिया पुन्हा त्याच दरडीच्या शेवाळावर झटकून टाकल्या.

तिरके पान, रसरशीत खोड, एकाच झाडावर वेगवेगळी नर व मादी फुले, मादी फुलामागे पंखांचा अंडाशय, आणि धुळीसारखे बी. आता इतक्या खुणा जुळल्या होत्या. मुलीचे म्हणणे खरे ठरले. ते झाड बेगोनियाच होते. पण आत्याच्या कुंडीतील बेगोनिया आणि हे एकच का? नाही. हे कोणी लावलेले नव्हते. सह्याद्रीच्या रानातील ही स्वतंत्र जात होती. शास्त्रात तिला ‘बेगोनिया क्रिनाटा’ म्हणतात. मराठीत तिला ‘मोतीयेन’ असेही नाव आहे.

हे परके वाटणारे नाव कोठून आले, याची कथा मोठी मनोरंजक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्लुम्ये नावाचा एक फ्रेंच साधू वेस्ट इंडीज बेटांवर वनस्पतींचा शोध घेत हिंडत होता. तेथे त्याला तिरक्या पानांची काही झाडे आढळली. मिशेल बेगाँ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याला वनस्पतींची आवड होती व त्याचे प्लुम्येला साहाय्य होते. त्याचे ऋण स्मरून प्लुम्येने त्या झाडांना ‘बेगोनिया’ हे नाव दिले. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियस या थोर शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात हे नाव कायम केले आणि त्यातील एका झाडाला ‘बेगोनिया ऑब्लिका’ म्हटले. ‘ऑब्लिका’ या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे तिरकी! महाबळेश्वरच्या दरडीवर त्या मुलीच्या ध्यानात जी खूण आली, तीच खूण अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाला नावात गुंफावीशी वाटली होती.

आपल्या दरडीवरच्या जातीचे नाव १७९१ साली जोनास ड्रायअँडर याने प्रसिद्ध केले. हाही मूळचा स्वीडनचा. लंडनमध्ये सर जोसेफ बँक्स यांच्या ग्रंथसंग्रहाची व्यवस्था तो पाहत असे. ‘क्रिनाटा’ म्हणजे जिच्या पानाच्या कडेला गोलसर दाते आहेत अशी. मुलांनी पानाच्या कडा पाहून वहीत जे लिहिले होते, नेमके तेच त्या नावात होते. यावरून तुमच्या लक्षात येईल, की शास्त्रीय नाव म्हणजे नुसता पाठ करण्याचा शब्द नव्हे. ते थोडक्यात केलेले वर्णनही असू शकते. त्यात पहिला शब्द आडनावासारखा असतो. त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा शब्द त्या घरातील एका व्यक्तीच्या नावासारखा; ती जाती होय.

बेगोनियाचे हे घराणे केवढे मोठे आहे! जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आशियातील रानांत राहतात. भारतात त्यांची सर्वांत मोठी वस्ती ईशान्येकडील पावसाळी डोंगरांत आहे. आसामच्या रानातील एक बेगोनिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑर्किडच्या रोपांबरोबर नकळत इंग्लंडात जाऊन पोहोचला. त्याच्या पानांवरील चंदेरी पट्टे पाहून लोक इतके भुलले, की त्याला ‘रेक्स’, म्हणजे राजा, असे नाव मिळाले. आज घरोघरच्या कुंड्यांत दिसणारे रंगीत पानांचे अनेक बेगोनिया या राजाचे वंशज आहेत. मलेशियाच्या घनदाट रानातील एका बेगोनियाची पाने तर निळी झळकतात. त्या पानांत हरितद्रव्याचे सूक्ष्म थर अशा रीतीने रचलेले असतात, की निळा प्रकाश परत फेकला जातो व अंधाऱ्या रानात उपयोगी पडणारा इतर प्रकाश अधिक शोषला जातो. हे रहस्य शास्त्रज्ञांनी २०१६ साली उलगडले.

एकाच घराण्यात इतक्या जाती का झाल्या असाव्यात? याचे एक उत्तर त्या धुळीसारख्या बियांत आहे. बेगोनियाला ओल व सावली हवी असते. दाट रानात वारा मंद असतो, म्हणून बी बहुधा आईच्या पायथ्याशीच पडते. एका दरीतील बेगोनिया आणि शेजारच्या दरीतील बेगोनिया यांच्यामध्ये उन्हाने तापलेला डोंगर उभा असतो. तो ओलांडणे इवल्या बियांना सोपे नाही. हजारो वर्षे अशी ताटातूट राहिली, म्हणजे दोन्हीकडच्या झाडांत हळूहळू फरक पडत जातात आणि शेवटी त्या दोन निराळ्या जाती होतात. त्यामुळेच आशियात असे कितीतरी बेगोनिया आहेत, की जे एखाद्या डोंगराशिवाय वा एखाद्या दरीशिवाय जगात अन्यत्र कोठेही नाहीत. आजही दरवर्षी आशियातील रानांतून नव्या जाती शोधून काढल्या जातात.

सुदैवाने आपला बेगोनिया क्रिनाटा इतका एकटा नाही. सह्याद्रीच्या अनेक घाटांत व गडांच्या भिंतींवर तो पावसाळ्यात दिसतो. परंतु त्याचे जगणे सोपे आहे असे मात्र नाही. दिवाळी उलटली, की दरडीचे पाणी आटते. पाने पिवळी पडतात, खोड वाळते आणि झाड दिसेनासे होते. एप्रिलमध्ये त्याच वाटेने जाणाऱ्याला तेथे तापलेल्या दगडाशिवाय काही दिसणार नाही. मग पुढच्या पावसात ते पुन्हा कोठून येते? कातळाच्या भेगेत त्याचा लहानसा कंद झोपलेला असतो. चार महिन्यांच्या पावसात पानांनी जे अन्न तयार केले, ते त्या कंदात साठवलेले असते. त्या शिधोरीवर तो आठ महिने काढतो आणि मृगाच्या सरींनी दगड भिजला, की पुन्हा कोंब वर काढतो.

त्या मुलाने झाड मुळासकट उपटले असते, तर हाताला रोपाबरोबर हा कंदही आला असता. एका झटक्यात या वर्षाचे झाडच नव्हे, तर पुढच्या अनेक वर्षांची झाडेही गेली असती. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा तो मुलगा ओशाळला. त्याने आपल्या हाताकडे पाहिले आणि मग त्याच हाताने वही उघडून तो लिहू लागला.

तुम्हांला वाटेल, मग शास्त्रज्ञ काय करतात? तेही नमुने गोळा करतातच ना? करतात, पण फार विचारपूर्वक व आवश्यक परवानगी घेऊन. एक फांदी कागदांत दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि तिच्या बाजूला ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा ताजा रंग व गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. बेगोनियासारखी रसाळ वनस्पती वाळली, की तिचा रंग उडतो आणि आकार आक्रसतो. म्हणून ती ताजी असतानाच टिपणे करावी लागतात. अशा वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आपल्याकडे आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह १९०६ पासूनचा आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र १९५५ साली स्थापन झाले. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींविषयीचा आपला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला, तो अशाच नमुन्यांच्या व टिपणांच्या आधारावर. महाबळेश्वर आणि त्याच्या परिसरातील वनस्पतींवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने दोन खंड काढले. पहिला १९९३ साली व दुसरा १९९५ साली. हे ग्रंथ म्हणजे एका अर्थी आपल्या रानाची खानेसुमारीच होय. काय होते, हे लिहून ठेवलेले असेल, तरच काय नाहीसे झाले, हे पुढे सांगता येते.

मुलांनी मात्र एकही फांदी तोडली नाही. त्यांनी चित्र काढले, पट्टीने मापे घेतली आणि टिपण केले. त्या मुलीने लिहिलेले टिपण असे होते:

“ठिकाण : महाबळेश्वरच्या घाटातील पाऊलवाट, झिरपत्या पाण्याची, सावलीची दरड, भोवती शेवाळ व नेचे. महिना : श्रावण. झाड पंधरा सेंटिमीटर उंच. खोड रसाळ, तांबूस, नितळ. पाने एकाआड एक, देठ लांब, पान रुंद, तिरके, कडेला गोलसर दाते, सर्वांत मोठे पान सहा सेंटिमीटर लांब. फुले फिकट गुलाबी, झुबक्यात. नर फुलाला चार पाकळ्या : दोन मोठ्या, दोन लहान; पुंकेसर पिवळे. मादी फुलामागे तीन पंखांचा अंडाशय. बी धुळीसारखे. फुलामागे नळी नाही, म्हणून तेरडा नव्हे. पान तिरके असले तरी फुले निळी नाहीत आणि एकाच अंगाला नाहीत, म्हणून ऱ्हिंकोग्लॉसम नव्हे. माझ्या मते बेगोनिया क्रिनाटा.”

या टिपणात दोन गोष्टी विशेष आहेत. हे झाड काय आहे, एवढेच त्या मुलीने लिहिले नाही; ते काय नाही आणि का नाही, हेही लिहिले. शिवाय शेवटी ‘माझ्या मते’ असे म्हटले. तिची चूक झाली असेल, तर पुढचा वाचणारा तिच्याच नोंदीवरून ती दुरुस्त करू शकेल. शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

आणखी एक सूचना ध्यानात ठेवा. बेगोनियाची पाने आंबट असतात, असे कोणी तुम्हांला सांगेल. ते खरे आहे. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. परंतु ओळख पटवण्यासाठी कोणतीही रानटी वनस्पती कधीही चाखू नये. डोळे, भिंग, पट्टी आणि वही एवढी साधने आपल्याला पुरेशी आहेत.

महाबळेश्वरला दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांच्यासाठी रस्ते रुंद होतात, दरडी तासल्या जातात, जुन्या भिंती खरवडून त्यांना नवा गिलावा दिला जातो. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला. त्यामुळे तेथील बांधकामांवर व वृक्षतोडीवर निर्बंध आले. साताऱ्याजवळचे कास पठार व कोयनेचे रान यांसह पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सर्व योग्यच आहे. पण वीतभर उंचीचे झाड कायद्याच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. दरड तासणाऱ्याला ती नुसती दरड दिसते. त्याला तेथे कोणी राहत असल्याचे ठाऊक नसते. ज्याला त्या रहिवाशाचे नाव ठाऊक आहे, तोच म्हणू शकतो, “थांबा, येथे कोणीतरी राहते आहे.”

परतताना पाऊस पुन्हा सुरू झाला. मुलांनी वह्या इरल्याखाली व छत्र्यांखाली जपून धरल्या. तेरडा म्हणणारा मुलगा सर्वांत मागे रेंगाळत होता. गुरुजींनी हाक मारली, तेव्हा तो धावत आला आणि म्हणाला, “गुरुजी, त्या वळणावर आणखी अकरा आहेत. मी मोजून आलो.” त्याच्या हातात एकही फूल नव्हते.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाबळेश्वरला इतका पाऊस का पडतो?
(आ) दरडीवरचे झाड तेरडा नाही, हे मुलांनी कसे ठरवले?
(इ) पावसाळा संपल्यावर बेगोनिया कोठे व कसा जिवंत राहतो?

२. कारणे द्या.
(अ) केवळ तिरक्या पानावरून वनस्पतीचे नाव ठरवू नये.
(आ) माशी मादी फुलावर येऊन फसते.
(इ) आशियात बेगोनियाच्या इतक्या जाती निर्माण झाल्या.

३. ‘ऑब्लिका’ व ‘क्रिनाटा’ या शब्दांचे अर्थ सांगा. त्यावरून शास्त्रीय नावाचा उपयोग तुमच्या शब्दांत लिहा.

४. ‘शेवटी त्या मुलाच्या हातात एकही फूल नव्हते.’ यावरून त्याच्यात कोणता बदल झाला असे तुम्हांस वाटते?

५. उपक्रम : तुमच्या घराजवळच्या ओल्या भिंतीवर वा बांधावर उगवलेली एक वनस्पती निवडा. ती न तोडता तिचे चित्र काढा, मापे घ्या आणि पाठातील मुलीप्रमाणे टिपण लिहा. मादी फूल सापडल्यास त्याच्या पाकळ्या मोजा व नर फुलाशी तुलना करा.